पाहुण्या जनावरांची बडदास्त आणि आपला बैल
(शहादा येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाची वेचणी अर्धी शेतात उभी आहे, दादरला पहिली कोळपणी द्यायची आहे, मजूर मिळत नाही, आणि तरीही आपण एवढ्या संख्येने आलात. म्हणून आधी कामाचे बोलू. कापसाच्या भावावर दुपारनंतर सविस्तर चर्चा ठेवली आहे. आम्हाला बोलायचे आहे ते वरवर पाहता शेतीशी संबंध नसलेल्या एका गोष्टीवर.

या हंगामात आम्ही मंदाणे, असलोद, म्हसावद या बाजूला गावोगाव बसलो. प्रत्येक ठिकाणी कापसाचा भाव, खताची टंचाई, विजेचे वेळापत्रक हे तर निघायचेच. पण चहा यायच्या सुमारास कोणीतरी विचारायचे, "भाऊ, केवडियाला जाऊन आलात का? जिराफ पाहिला का?" मग पोरे मोबाईल पुढे करायची. जिराफ, झेब्रे, लोकरीची अल्पाका, घुमटाखाली उडणारे पक्षी, पाण्यावरची मोठी बोट. आणि शेवटी हमखास एक वाक्य यायचे : "असे काही आपल्याकडे आले तर पोरांना कामधंदा लागेल." हे म्हणणारा माणूस मूर्ख नाही. ज्याच्या चार एकरांत खर्च वजा जाता काही उरत नाही, तो रस्त्याकडेच पाहणार. म्हणून या वाक्याला हसून सोडून द्यायचे नाही असे आम्ही ठरवले आणि आमच्यातले सहा जण एक दिवस काढून अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपिपळा या रस्त्याने केवडियाला जाऊन आलो.

तिथे काय काय आहे ते आधी सांगतो, कारण न पाहता शिव्या देणे ही आपली पद्धत नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथे सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे उद्घाटन झाले. बांधकामाचा ठेका २,९८९ कोटींचा होता. एकट्या पुतळ्याने माणूस तासाभरात परत फिरतो, हे करणाऱ्यांच्या लवकर लक्षात आले असावे. मग भर पडत गेली. फुलांची बाग, निवडुंगाची बाग, फुलपाखरांची बाग, नदीतले राफ्टिंग. ३० ऑक्टोबर २०२० ला ३७५ एकरांतले जंगल सफारी नावाचे प्राणिसंग्रहालय, मुलांच्या आहाराची गोष्ट सांगणारे छोट्या आगगाडीचे उद्यान आणि नदीतली बोट हे सगळे एकदम सुरू झाले. दुसऱ्या दिवशी अहमदाबादहून पाण्यावर उतरणारे विमानही आले. ते पुढे २०२१ मध्ये बंद पडले. पण ते उतरावे म्हणून धरणाजवळच्या तळ्यातल्या मगरी २०१९ साली पिंजरे लावून पकडल्या आणि दुसरीकडे नेऊन सोडल्या होत्या. १७ जानेवारी २०२१ ला रेल्वे स्टेशन झाले, आणि गावाचे नाव बदलून एकता नगर झाले.

व्यवस्था चोख आहे. रस्ते स्वच्छ, झाडांना ठिबक, जनावरांना सावली, डॉक्टर, वेळेवर चारा. जिराफाला दिवसाला तीसेक किलो पाला लागतो, आणि तो मिळतो. आमच्याबरोबरचा एक म्हातारा भाऊ जिराफाच्या आवारासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "याच्या गव्हाणीत ओला चारा आहे. माझ्या बैलापुढे मे महिन्यात कडबाही नसतो." सफारीत त्या दिवशी ऐकलेले सर्वांत शहाणे वाक्य आमच्या मते तेच होते.

आता हिशेब. पुतळा उघडला त्या वर्षी वरच्या दालनात जाण्याचे तिकीट ३५० रुपये होते. त्याच हंगामात, २०१८-१९ साली, संकरित ज्वारीची सरकारी आधारभूत किंमत २,४३० रुपये क्विंटल होती. म्हणजे एका माणसाने पुतळ्याच्या छातीतल्या खिडकीतून नदी पाहायची तर १४ किलो ४०० ग्रॅम ज्वारी मोजायची. चौघांच्या घराला साडेसत्तावन किलो. तीही जाहीर झालेल्या भावाने. बाजार समितीत प्रत्यक्ष काय पडले ते तुम्हीच सांगा. तिकीट महाग आहे अशी आमची तक्रार नाही. विकणाऱ्याने आपल्या मालाचा भाव ठरवला, घेणाऱ्याने दिला. तक्रार एवढीच की ज्वारी विकणाऱ्याला तो अधिकार का नाही? जनावर दाखवणाऱ्याला आपल्या मालाचा भाव ठरवता येतो, धान्य पिकवणाऱ्याला येत नाही. मुंबईत राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून आठ पेंग्विन आणले. त्यांच्यासाठी थंडगार खोली उभी केली आणि २०१७ साली मोठ्या माणसाचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपयांवर नेले. दहापट! खर्च वाढला म्हणून भाव वाढवला, असे सरळ सांगितले आणि लोकांनी मान्य केले. आपला खर्च वाढला म्हणून कापसाचा भाव दहापट सोडा, दीडपट मागितला तर आपण देशद्रोही ठरतो.

पण तिकिटाच्या पुढे जाऊन जमिनीकडे पाहिले पाहिजे, कारण आपल्यासाठी खरा धडा तिथे आहे.

५ एप्रिल १९६१ ला पंडित नेहरूंनी नवागाम इथे नर्मदेवरच्या धरणाचा पाया घातला. त्या सुमारास धरणाची वसाहत, कचेऱ्या, रस्ते यांसाठी केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम आणि गोरा या सहा गावांची जमीन सरकारने ताब्यात घेतली. हेतू काय लिहिला? सार्वजनिक हेतू, धरण. पुढे धरणाची जागा बदलली, उंची बदलली, तंटा लवादाकडे गेला. १९७९ साली निवाडा आला, काम पुन्हा सुरू झाले. सगळी जमीन धरणाला लागली नाही. उरलेल्या जमिनीवर आदिवासी कसत राहिले, राहत राहिले. आणि पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्याच संपादनाच्या कागदावर हॉटेले, वाहनतळ, बागा आणि सफारी उभी राहू लागली. त्या गावांचे म्हणणे असे की आम्ही जमीन धरणाला दिली, करमणुकीला नाही. सरकारचे म्हणणे असे की जमीन सरकारची झाली, मोबदला दिला, विषय संपला. २०१९ साली गुजरात विधानसभेने या भागासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदाच केला. पुतळा जिथे उभा आहे ते साधू बेट. लोक त्याला वराता बाबाची टेकडी म्हणत. देवाची टेकडी गेली याचे दुःख त्या लोकांना किती आहे हे आपण शहाद्यात बसून मोजू शकत नाही. आपल्या उनपदेवाचे किंवा प्रकाशाच्या संगमाचे असे झाले असते तर, एवढा विचार करून पाहावा.

भावांनो, हा धडा नीट समजून घ्या. एकदा "सार्वजनिक हेतू" या दोन शब्दांवर जमीन गेली की हेतू बदलला तरी जमीन परत येत नाही. तुमचा आजा कालव्याला जमीन देतो आणि तुमचा नातू त्याच जागेवर गाडी लावण्याचे पैसे देतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने परिस्थिती थोडी बदलली. खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ८० टक्के आणि सरकार-खासगी भागीदारीत असेल तर ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, आणि समाजावर काय परिणाम होतील याची तपासणी आधी करावी लागते. शहादा तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे संपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक आहे. आपली ग्रामसभा म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. रजिस्टर घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात. ते रजिस्टर आधी वाचा, मग अंगठा करा.

आता पाण्याकडे येऊ.

धरणाच्या खाली बारा किलोमीटरवर गरुडेश्वरला बंधारा आहे. तो कशासाठी? धरणाच्या नदीपात्रातल्या वीजघरात २०० मेगावॅटची सहा यंत्रे आहेत. ती उलटीही चालतात. म्हणजे गरजेच्या वेळी वीज करून खाली सोडलेले पाणी, वीज स्वस्त असताना पुन्हा वर चढवता यावे, म्हणून ते खाली अडवून धरायचे. कल्पना चांगली आहे. त्याच अडवलेल्या पाण्यावर आज पर्यटकांची बोट फिरते. पाण्याचा एकाच वेळी दोन कामांना उपयोग होत असेल तर आम्ही, शेतीशास्त्र शिकलेली माणसे, त्याला नाव ठेवणार नाही. आंतरपीक तरी दुसरे काय असते?

आणि हेही स्पष्ट सांगतो, की पाण्याच्या खेळांनी तालुके कोरडे पडतात असे ओरडत फिरणे शहाणपणाचे नाही. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची दिवसाला दहा मिलिमीटर वाफ होते असे धरा. एक एकराच्या तळ्यातून रोज चाळीस हजार लिटर गेले. शंभर दिवसांत चाळीस लाख लिटर. दादरला एक संरक्षित पाणी पाच सेंटिमीटरचे द्यायचे तर एकरी दोन लाख लिटर लागते. म्हणजे एक एकराचे तळे उन्हाळाभर उघडे ठेवले तर वीस एकर दादरचे एक पाणी हवेत गेले. ज्याचे दाणे भरताना जमिनीतली ओल संपते त्याला या एका पाण्याची किंमत माहीत आहे. ते थोडे नाही. पण उसाच्या एका मोठ्या पट्ट्याला लागते त्यापेक्षा ते कमीच आहे, आणि तो ऊस आपल्यातल्याच काहींचा आहे. तेव्हा बोट दाखवताना जपून.

खरा प्रश्न पाणी किती लागते हा नाही. कोणाच्या पाण्यासाठी पैसा लवकर सुटतो, हा आहे. १९७९ च्या नर्मदा लवादाने महाराष्ट्राला पाव दशलक्ष एकर-फूट, म्हणजे १०.८९ टीएमसी पाणी दिले. बदल्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे बाधित झाली. मणिबेली त्यातले अगदी धरणाच्या तोंडाचे गाव. त्या गावांतले अनेक जण आज तळोदा-शहाद्यात नव्या वसाहतींत राहतात. त्यातले काही आज या मांडवात बसले आहेत. निवाड्यापासून पुतळा उभा राहीपर्यंत ३९ वर्षे गेली. त्या ३९ वर्षांत आपल्या वाट्याचे ते पाणी सातपुड्याच्या अलीकडे एकाही शेतात पोहोचले नाही. मध्ये डोंगर आहे, बोगदा लागेल, पंप लागतील, खर्च फार, अशी कारणे आपण ऐकत आलो. कारणे खोटी नाहीत. पण डोंगरउतारावर सात टप्प्यांत प्राणिसंग्रहालय वसवायला आणि आफ्रिकेचा जिराफ तिथवर आणायला दोन वर्षेही लागली नाहीत, हेही खोटे नाही.

आणि बोटीचे म्हणाल, तर त्याच नर्मदेच्या वरच्या अंगाला, धडगाव तालुक्यातल्या भुशा इथे, २०१९ च्या संक्रांतीला माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली. सण करायला गेलेली माणसे, लहान मुले गेली. धरणाखाली तिकीट काढून बसणाऱ्याला जीवरक्षक जाकीट मिळते. धरणावर, ज्यांची शेते आणि रस्ते त्या पाण्याखाली गेले त्यांना, बाजाराला आणि दवाखान्याला जायला होडीच असते. पाणी एकच आहे. याहून जास्त आम्ही बोलत नाही.

आपल्या तापीचे वेगळे नाही. प्रकाशा आणि सारंगखेडा इथे बॅरेज झाले, पाणी अडले, पावसाळ्यानंतर काठोकाठ दिसते. पण काठावरच्या २२ उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे बंद राहिल्या. पंप गंजले, नळ फुटले, वीजबिलांच्या थकबाकीखाली सोसायट्या दबल्या. २०१६ साली दुरुस्तीला मंजुरी मिळाली तरी ती मागण्यासाठी आपल्याला किती खेटे घालावे लागले ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. नदीत पाणी आणि काठावर कोरडवाहू कापूस, हे दृश्य पाहायला मात्र कोणी तिकीट लावत नाही.

आता जनावरे. ही बैठक यात्रेच्या तोंडावर आहे म्हणून सारंगखेड्याचे बोललेच पाहिजे. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. आपल्या आजा-पणजांपासून चालत आलेला. देशभरातून घोडे येतात, लाखालाखांनी बोली होते. अलीकडे त्याला चेतक फेस्टिव्हल हे नाव मिळाले, तंबू आले, घोड्यांच्या स्पर्धा आल्या, पर्यटन खाते आले. आमचे मत विचाराल तर, ही आपल्या घरची गोष्ट आहे आणि ती वाढली तर आनंदच आहे. कारण तिथे जनावर पिंजऱ्यात नाही. त्याचा मालक आहे, गिऱ्हाईक आहे, घासाघीस आहे, आणि सौदा फिसकटला तर घोडा परत घरी नेता येतो. त्या बाजारात बैलगाड्या, वखर, जू, दोर विकत घ्यायला आपण जातो. बाहेरचा पाहुणा येतो तो हे सगळे जिवंत आहे म्हणून. उद्या फक्त तंबू उरले आणि बाजार मेला तर पाहुणाही येणार नाही. म्हणून यात्रेतल्या जागांचे भाडे, दुकानांचे लिलाव, पाणी आणि संडासाची सोय याबद्दल आसपासच्या गावांचे ऐकले गेले पाहिजे. तंबूवाल्याला चार रात्रींसाठी जी सोय मिळते ती घोडेवाल्याला आणि जू-दोर विकणाऱ्याला आधी मिळाली पाहिजे.

पण त्याच यात्रेत एक गोष्ट मन कुरतडते. घोड्याला गिऱ्हाईक आहे, आपल्या म्हाताऱ्या बैलाला नाही. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेला कायदा मार्च २०१५ मध्ये अमलात आला आणि गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. भावनेचा प्रश्न आम्ही काढत नाही. बैलावर आपल्याइतके प्रेम कोणाचे नाही. पोळ्याला त्याच्या पाया पडतो ते टीव्हीवर दाखवण्यासाठी नाही. पण शेतकऱ्याच्या हिशेबात दहा-बारा वर्षे ओढलेल्या बैलाची जी किंमत यायची ती नव्या बैलाच्या खरेदीतला हिस्सा असायची. तो हिस्सा कायद्याने काढून घेतला, आणि उरलेल्या चार वर्षांची वैरण शेतकऱ्याने घालावी असे ठरले. सफारीतल्या जनावराची वैरण तिकिटातून निघते. बैलाची वैरण कशातून निघायची हे त्या कायद्यात लिहिलेले नाही. कोरडवाहू माणसाने मग काय केले? बैलजोडी मोडली आणि भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहू लागला. पेरणीची ओल निघून गेली तरी ट्रॅक्टर येत नाही, हे गेल्या जूनमध्ये कितीजणांनी भोगले? हात वर करा. पाहा.

दुसरीकडे, जी जनावरे पाहायला शहरी माणूस जीप भाड्याने घेतो ती आपल्याकडे फुकट येतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर ज्वारी लोळवतो. रोही कोवळा हरभरा खाते. शहादा-तळोद्याच्या उसात बिबटे राहू लागले आणि रात्रीची वीज असल्याने पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू लागले. २०१५ साली सरकारने रानडुक्कर आणि रोही मारण्याच्या परवानगीची पद्धत काढली. पण परवाना मागायचा कोणी, बंदूक कोणाकडे, मेलेले जनावर कोणाच्या ताब्यात, यातच हंगाम संपतो. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, फोटो, सातबारा, आणि मग मिळाले तर मिळाले. प्राणिसंग्रहालय उघडायचे तर केंद्रीय प्राधिकरणाची मान्यता लागते, आवार किती असावे, डॉक्टर किती असावेत, खाणे काय असावे, सगळे नियमाने ठरलेले आहे. १९९२ पासून तसे प्राधिकरण आहे. आपल्या शेतात राहणाऱ्या जंगली जनावरांचे खाणे कोणी ठरवले? आपण. आपल्याच खळ्यातून.

तर "असे काही आपल्याकडे आले तर" याला आमचे उत्तर काय? येऊ द्या, पण आपल्या अटीवर. तोरणमाळला, तापीकाठी किंवा आणखी कुठे काही उभे राहणार असेल तर जमीन विकायची नाही, संपादनाला तर द्यायचीच नाही. मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, भाडे दर काही वर्षांनी वाढते ठेवायचे, आणि हेतू बदलला तर जमीन मूळ मालकाकडे परत, हे कागदावर लिहून घ्यायचे. नोकरीच्या आश्वासनावर जमीन देऊ नका. केवडियाच्या फाटकावरची नोकरी कंत्राटदाराची असते, आणि कंत्राट बदलले की माणूस बदलतो. हिरवा चारा, भाजी, ज्वारी, दूध इथूनच घेतले जाईल, असा करार गावाच्या नावाने होऊ शकतो. जनावर रोज खाते. तीच एक मागणी मंदीत बंद होत नाही.

कृषी पर्यटनाचेही कोणी विचारले होते. २०२० साली राज्याने धोरण आणले, एक एकरवालाही त्यात बसतो. दादरचा हुरडा, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा खायला लोक पैसे देतील, यात शंका नाही. पण पुण्याच्या रस्त्यावरच्या शेतकऱ्याला जे जमते ते मंदाण्याच्या शेतकऱ्याला लगेच जमणार नाही, कारण इथे शनिवारी-रविवारी गाड्या भरून येणारे शहर जवळ नाही. ज्याचे शेत प्रकाशा, सारंगखेडा किंवा तोरणमाळच्या रस्त्याला आहे त्याने दोन खोल्यांपासून सुरुवात करून पाहावी. कर्ज काढून नाही. खोली रिकामी राहिली तर तिच्यात कापूस तरी ठेवता आला पाहिजे.

शेवटी दोन कामे. तापीकाठच्या गावांनी आपापल्या उपसा योजनेची स्थिती, म्हणजे कोणता पंप चालू, कोणता बंद, थकबाकी किती, एका कागदावर लिहून यात्रेपूर्वी आमच्याकडे पोहोचवावी. आणि ज्यांच्या घरात जुन्या संपादनाच्या नोटिसा आहेत, कालव्याच्या, रस्त्याच्या, बॅरेजच्या, त्यांनी त्या ट्रंकेतून बाहेर काढून त्यात हेतू काय लिहिला आहे ते आम्हाला दाखवावे. वाचता येत नसेल तर घेऊन या, आम्ही वाचून देऊ. सारंगखेड्याला यात्रेत बैलगाड्यांच्या बाजारालगत आम्ही बसणार आहोत.